पिस्टन्सचा 14–68 हंगाम : पुनर्बांधणी नेमकी कुठे फसली?

प्रश्न असा आहे : ‘डेट्रॉइट पिस्टन्सने 2023-24 च्या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) हंगामात 82 पैकी 68 सामने गमावले आणि त्यांतले 28 तर सलग गमावले. पुढच्याच वर्षी जवळजवळ त्याच तरुण खेळाडूंना घेऊन त्यांनी 44 सामने जिंकले. मग आधीच्या वर्षी दोष कोणाचा होता? मुलांचा, प्रशिक्षकाचा, की संघ बांधणाऱ्यांचा? आणि पुनर्बांधणी करणाऱ्या संघाला असे हरावेच लागते का?’

मी गेली सव्वीस वर्षे पुण्यात बास्केटबॉलचे प्रशिक्षण देतो. माझ्या वरिष्ठ गटातील मुलांना दर हंगामात एका तरी हरणाऱ्या संघाचे सामने मी मुद्दाम दाखवतो, कारण जिंकणाऱ्या संघाच्या चुका धावफलकाखाली झाकल्या जातात आणि हरणाऱ्याच्या उघड्या पडतात. पिस्टन्सच्या त्या हंगामातील बरेच सामने मी अशा रीतीने थांबवून थांबवून पाहिले आहेत, आणि माझे उत्तर थोडक्यात असे की मुले वाईट नव्हती, प्रशिक्षक वाटतो तेवढा एकटा दोषी नव्हता, परंतु जे पाच जण एका वेळी मैदानात उतरत होते त्यांची कौशल्ये एकमेकांना पूरक नव्हती, आणि त्यामुळे ती मुले ज्या पराभवांतून शिकणे अपेक्षित होते त्यांतून त्यांना फारसे शिकताच येत नव्हते.

आधी पार्श्वभूमी. हा संघ 1989, 1990 आणि 2004 चा विजेता आहे, पण 2008 नंतर त्याने प्लेऑफचा (हंगामाअखेरच्या बाद फेरीचा) एकही सामना जिंकला नव्हता. जून 2020 मध्ये ट्रॉय वीव्हर जनरल मॅनेजर म्हणून आले आणि खरी मोडतोड तेव्हापासून सुरू झाली. पुढील तीन हंगामांत संघाने 20, 23 आणि 17 सामने जिंकले. त्या बदल्यात 2021 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची क्रमाने होणारी निवड, ज्यात हरणाऱ्या संघांना आधीची संधी मिळते) पहिल्या क्रमांकाने केड कनिंगहॅम मिळाला, 2022 मध्ये पाचव्या क्रमांकाने जेडन आयव्ही आणि तेराव्या क्रमांकाने जेलेन ड्युरेन आला. कनिंगहॅम 2022-23 मध्ये नडगीच्या हाडाच्या दुखापतीमुळे केवळ 12 सामने खेळला. संघ लीगमध्ये सर्वांत तळाला राहिला आणि सगळ्यांचे डोळे मे 2023 च्या लॉटरीकडे (ड्राफ्टमधील वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीकडे) लागले, कारण त्या वर्षी बक्षीस होते व्हिक्टर वेम्बान्यामा.

येथे लॉटरीचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘हरा आणि मोठा खेळाडू मिळवा’ हा सल्ला देणारे बहुतेक लोक जुन्या नियमांच्या आठवणीवर बोलत असतात. पूर्वी सर्वांत खालच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 25 टक्के असे. 2019 पासून तळाच्या तीनही संघांना ती सारखीच 14 टक्के देण्यात आली, आणि सर्वांत खालच्या संघाला पाचवा क्रमांक मिळण्याची शक्यता सुमारे 48 टक्क्यांवर गेली. म्हणजे तुम्ही कितीही निष्ठेने हरलात, तरी जवळजवळ दर दोन वेळांतून एकदा तुमच्या हाती पाचवाच क्रमांक पडणार. पिस्टन्सच्या बाबतीत तो 2023 मध्ये पडला आणि 2024 मध्ये पुन्हा पडला. वेम्बान्यामा सॅन अँटोनियोला गेला, डेट्रॉइटने ऑसार थॉम्प्सनला घेतले, आणि पुढच्या वर्षी त्याच क्रमांकावर रॉन हॉलंडला. याला नुसते दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या योजनेच्या यशाची शक्यता सातात एक आहे, ती योजना फसली तर पुढे काय, याचा विचार योजना आखतानाच व्हायला हवा होता.

आता हंगामाकडे येऊ. ड्वेन केसी पाच हंगामांनंतर प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले होते आणि त्यांच्या जागी माँटी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी सुमारे 7 कोटी 85 लाख डॉलरचा करार देण्यात आला. तोवर लीगमध्ये कोणत्याही प्रशिक्षकाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. विल्यम्स यांनी 2021 मध्ये फिनिक्सला अंतिम फेरीत नेले होते आणि 2022 मध्ये ते वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. एवढा करार देणारा मालक ‘आणखी एक वर्ष हरू’ असे म्हणत नसतो. त्यामुळे फिलाडेल्फियाच्या 2013 ते 2016 या काळाशी पिस्टन्सची तुलना मला अर्धवट वाटते. सॅम हिंकी यांचा तो संघ जाणूनबुजून हरत होता, तेथे 2015-16 चे 10 विजय ही योजनेची किंमत होती. डेट्रॉइटची हरण्याची मुदत संपली होती, आता जिंकायला सुरुवात करायची होती, आणि नेमक्या त्याच वर्षी हा संघ आपल्या इतिहासातील सर्वांत वाईट हंगाम खेळला.

सुरुवात खरे तर बरी होती. मायामीकडून एका गुणाने हार, मग शार्लट आणि शिकागो यांच्यावर विजय. त्यानंतर 30 ऑक्टोबरपासून 28 डिसेंबरपर्यंत एकही विजय नाही. 26 डिसेंबरला ब्रुकलिनने 118–112 असे हरवले तेव्हा एका हंगामातील सलग पराभवांचा विक्रम, 27, एकट्या पिस्टन्सच्या नावावर लागला. त्या रात्री कनिंगहॅमने 41 गुण केले होते. दोन दिवसांनी बॉस्टनविरुद्ध मध्यंतराला 66–47 अशी आघाडी घेऊनही ते अतिरिक्त वेळेत 128–122 असे हरले आणि 28 पराभवांनिशी फिलाडेल्फियाच्या दोन हंगामांवर पसरलेल्या जुन्या आकड्याशी बरोबरी झाली. 30 डिसेंबरला टोरोंटोवर 129–127 असा विजय मिळाला खरा, परंतु त्याच दिवशी टोरोंटोने आपले तीन खेळाडू न्यूयॉर्कला देऊन टाकले होते आणि बदल्यात येणारे अजून पोहोचायचे होते, हेही नोंदवले पाहिजे. एव्हाना घरच्या मैदानावरील प्रेक्षक मालक टॉम गोरेस यांना संघ विकण्याच्या घोषणा देऊ लागले होते.

माझ्या मते सगळे उत्तर हंगामाच्या सुरुवातीच्या पाच नावांत आहे : कनिंगहॅम, किलियन हेज, थॉम्प्सन, आयझाया स्ट्युअर्ट आणि ड्युरेन. पहिली गोष्ट, यांतील कोणाचेही वय 22 च्या पुढे नव्हते आणि ड्युरेन तर अजून 19 वर्षांचा होता. ही गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती कमी लोकांनी बोलून दाखवली. या पाचांपैकी ड्युरेन बास्केटखालून हलत नाही, थॉम्प्सनने त्या हंगामात तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेल्या चेंडूंपैकी केवळ 18.6 टक्के आत गेले, आणि हेजला बाहेर मोकळे सोडण्यात प्रतिस्पर्ध्यांना काही धोका वाटत नसे. स्ट्युअर्ट बाहेरून बऱ्यापैकी मारू लागला होता, पण तो मुळात सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू.

याचा परिणाम काय होतो ते जरा विस्ताराने सांगतो. कोर्टाची रुंदी 50 फूट असते आणि कोपऱ्यातील तीन गुणांची रेषा बास्केटपासून 22 फुटांवर असते. कोपऱ्यात उभा असलेला खेळाडू चांगला शूटर असेल, तर त्याच्यावरचा बचावपटू त्याच्यापासून फार तर दोन-तीन पावले आत येऊ शकतो. तो शूटर नसेल, तर तोच बचावपटू बास्केटसमोरच्या रंगीत चौकोनाच्या कडेवर येऊन उभा राहतो आणि कनिंगहॅम स्क्रीनवरून (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून दिलेल्या आडोशावरून) वळून आत शिरला की त्याला समोर एक नव्हे, तीन जण दिसतात. एनबीएत बचावपटूला कोणाला न धरता चौकोनात तीन सेकंदांहून अधिक उभे राहता येत नाही, हे खरे. पण एक पाय आत टाकून बाहेर काढण्याची कला त्या पातळीवरच्या प्रत्येक बचावपटूला येते. (आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी सामने होतात आणि त्यांत बचावपटूला ही तीन सेकंदांची मर्यादाच नाही. म्हणून शूटर नसलेल्या जिल्हा संघांचे सामने बास्केटखालच्या चेंगराचेंगरीत संपतात.)

अशा गर्दीत पास देणाऱ्याला योग्य निर्णय उपलब्धच नसतो. आत जावे तर चेंडू हिसकावला जातो. कोपऱ्यात पास द्यावा, तर तेथला खेळाडू मारायला कचरतो. परत वर द्यावा, तर शॉट घेण्यासाठीच्या चोवीस सेकंदांतले आठ सेकंद वाया गेलेले असतात. अनुभवाने माणूस शिकतो हे खरे, पण बरोबर निर्णयाचे फळ मिळते आणि चुकीच्या निर्णयाची शिक्षा होते, असे घडत असेल तरच. येथे दोन्हींचे फळ एकच, टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणे) किंवा घाईचा शॉट. तरुण खेळाडूला त्यातून एकच धडा मिळतो, तो म्हणजे पुढच्या वेळी सगळे आपणच करून पाहण्याचा. कनिंगहॅमचे 41 गुण आणि तरीही पराभव, हे त्याचेच चित्र होते.

ही रचना अपघाताने झालेली नव्हती, ती व्यवहारांतून हळूहळू साठत गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये सदीक बे याला देऊन जेम्स वाइझमनला आणले गेले. बे हा बाहेरून सतत मारणारा खेळाडू, मार्च 2022 मध्ये त्याने ऑर्लँडोविरुद्ध दहा थ्री-पॉइंटरसह 51 गुण केले होते. वाइझमन 2020 च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाचा, पण सेंटर. त्याआधी मार्विन बॅग्लीला आणले होते, तो 2018 चा दुसऱ्या क्रमांकाचा, आणि तोही बास्केटजवळचाच खेळाडू. ड्युरेन आणि स्ट्युअर्ट तर होतेच. म्हणजे एकाच जागेसाठी चार जण, आणि ज्या जागेवर कनिंगहॅमला मदत हवी होती ती जागा रिकामी. दुसऱ्यांनी टाकलेल्या उंच, गुणवान तरुणाला स्वस्तात उचलून त्याचे सोने करावे हा मोह मला चांगला परिचयाचा आहे. मीही एका क्लबसाठी निवड करताना सहा फुटांवरची पाच मुले एकत्र घेतली होती आणि अर्धा हंगाम संपल्यावर उमगले की चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे नेणारे कोणी नाही. उंची डोळ्यांत भरते आणि कोपऱ्यात शांत उभे राहण्याचे कौशल्य डोळ्यांत भरत नाही.

2023 च्या उन्हाळ्यात वेतनमर्यादेत मोठी जागा मोकळी होती. तिचा उपयोग जो हॅरिस आणि माँटे मॉरिस या दोन अनुभवी खेळाडूंना घेण्यासाठी झाला. कागदावर हे उत्तर बरोबर होते, एक शूटर आणि एक चेंडू सांभाळणारा. प्रत्यक्षात मॉरिस दुखापतीमुळे जवळजवळ खेळलाच नाही आणि हॅरिसचा ऐन भर ओसरलेला होता. संघातील सर्वांत विश्वासू शूटर बोयान बोग्दानोविच पोटरीच्या दुखापतीने डिसेंबरच्या आरंभापर्यंत बाहेर होता. एवढे वाचून ‘मग हे सगळे दुखापतींमुळे झाले’ असे कोणी म्हणेल, परंतु बोग्दानोविच परतल्यानंतरही पराभव थांबले नाहीत. तो 34 वर्षांचा होता आणि बचावात मंदावला होता. त्याला खेळवले की आक्रमणाला श्वास मिळे आणि बचाव उघडा पडे. त्याला बसवले की उलटे. प्रशिक्षकाला प्रत्येक क्षणी दोन बाजूंपैकी एकच निवडावी लागणे, हे संघबांधणीतील उणिवेचे खात्रीचे लक्षण आहे.

याचा अर्थ विल्यम्स निर्दोष होते असा नाही. त्यांच्या दोन निर्णयांचे समर्थन मला करता येत नाही. पहिला, हंगामाच्या सुरुवातीला आयव्हीला बेंचवर ठेवून हेजला सुरुवातीच्या पाचांत खेळवणे. हेज बचावात अधिक शिस्तीचा होता हे मान्य. पण आयव्हीचा वेग ही या संघाकडे असलेली एकमेव अशी गोष्ट होती जिच्यामुळे बचाव मांडला जाण्याआधीच गुण मिळू शकत होते. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये हेजला करारमुक्त केले गेले, म्हणजे ज्याच्यावर ते महिने खर्च झाले तो खेळाडू संघाच्या भविष्यात नव्हताच. दुसरा निर्णय, सुरुवातीच्या पाचांना एकदम विश्रांती देऊन पाचही राखीव खेळाडू एकत्र उतरवण्याची पद्धत. खोल बेंच असलेल्या संघाला ती परवडते. या संघात मात्र कनिंगहॅम बाहेर गेला की आक्रमणाची सूत्रे हाती घेणारे कोणी उरत नसे आणि तीन-चार मिनिटांत कमावलेली आघाडी विरून जाई. सामन्याच्या शेवटी त्याच आघाडीअभावी हार होई आणि खापर मात्र शेवटच्या दोन मिनिटांतल्या एखाद्या चुकलेल्या पासवर फुटे.

तुलनेसाठी ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण घ्या, कारण वीव्हर तेथूनच आले होते. त्या संघाने 2020-21 मध्ये 22 आणि 2021-22 मध्ये 24 सामने जिंकले. डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसने त्यांना 152–79 असे हरवले, 73 गुणांचा फरक, जो लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठा आहे. अपमान म्हणाल तर तो पिस्टन्सच्या कोणत्याही रात्रीपेक्षा मोठा होता. पण मार्क डेगनॉल्ट हे एकच प्रशिक्षक 2020 पासून राहिले आणि खेळण्याची पद्धतही एकच राहिली : प्रत्येकाने आत शिरायचे, प्रत्येकाने पास द्यायचा, आणि ज्याला बाहेरून मारता येत नाही त्याने ते शिकायचे. पुढे विजय 40, मग 57, मग 68 झाले आणि 2025 मध्ये विजेतेपद आले. शे गिल्जस-अलेक्झांडरसारखा खेळाडू असणे हा त्यातील मोठा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही हरत असताना त्या संघाचा सराव चालू होता असे मी म्हणतो ते या कारणाने. डेट्रॉइटमध्ये त्या वर्षी केवळ सामने चालू होते.

मग पुढच्या वर्षी काय बदलले? मे 2024 मध्ये ट्रेजन लँग्डन प्रमुख म्हणून आले, वीव्हर गेले, आणि जूनमध्ये विल्यम्स यांना कराराची पाच वर्षे शिल्लक असताना काढण्यात आले, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी डॉलर देणे राहिलेच. जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले. पण मी प्रशिक्षकबदलापेक्षा तीन खेळाडूंकडे बोट दाखवीन. टोबायस हॅरिस हा पूर्वी याच संघात खेळून गेलेला, 32 वर्षांचा, उंच, दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारा. टिम हार्डवे ज्युनियर डॅलसकडून क्वेन्टिन ग्राइम्सच्या बदल्यात आला, आणि वर तीन दुसऱ्या फेरीचे ड्राफ्ट हक्कही मिळाले. मलिक बीझ्ली एका वर्षाच्या, सुमारे 60 लाख डॉलरच्या साध्या करारावर आला आणि त्याने हंगामात 319 थ्री-पॉइंटर मारले. यांतील एकही नाव वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसणारे नव्हते. तिघांचे काम एकच होते, आपापल्या बचावपटूला कोपऱ्यात बांधून ठेवायचे.

परिणाम कनिंगहॅमच्या आकड्यांत दिसतो, आणि तोही काहीसा अनपेक्षित रीतीने. सरासरी गुण 22.7 वरून 26.1 झाले, असिस्ट (ज्यांवर सहकारी लगेच गुण करतो असे पास) 7.5 वरून 9.1 झाले, परंतु टर्नओव्हर कमी झाले नाहीत, उलट 3.4 वरून 4.4 झाले. मला हा आकडा त्या वर्षातील सर्वांत बोलका वाटतो. मुलगा अधिक सावध झाला नव्हता. तो अधिक धाडसी पास देत होता, कारण आता त्या पासच्या पलीकडच्या टोकाला चेंडू बास्केटमध्ये टाकणारा कोणीतरी उभा होता. थॉम्प्सनचेही तसेच. इतर चौघे शूटर असतील तर एक न मारणारा बचावपटू संघाला सहज पेलता येतो. तेव्हा त्याचा बचाव ठेवा ठरतो, ओझे वाटत नाही. 14 विजयांवरून 44 विजय झाले. 82 सामन्यांच्या हंगामात आधीच्या वर्षाच्या तिप्पट विजय याआधी कोणत्याच संघाने मिळवले नव्हते.

यात दैवाचा भाग किती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कनिंगहॅम 2023-24 मध्ये 62 सामने खेळला, 2024-25 मध्ये 70. बीझ्लीसारखा खेळाडू एवढ्या स्वस्तात आयुष्यातील सर्वोत्तम हंगाम देईल हे कोणी धरून चालत नाही. शिवाय हीच मुले एक वर्षाने मोठी झाली होती आणि ड्युरेनच्या वयात एक वर्ष म्हणजे पुष्कळच. 2023-24 मध्ये हे तीन अनुभवी शूटर असते तर 44 विजय मिळाले असते, असा दावा मी करणार नाही. पंचवीसच्या आसपास मिळाले असते असे माझे अनुमान आहे. पण ते पंचवीस-सत्तावन्न वेगळ्या प्रतीचे ठरले असते, आणि मुख्य म्हणजे आयव्ही, थॉम्प्सन आणि ड्युरेन यांच्यापैकी कोण खरोखर किती चांगला आहे हे व्यवस्थापनाला एक वर्ष आधी कळले असते.

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर असे : हरावे लागते, पण असे हरावे लागत नाही. पुनर्बांधणीतील संघ चाळीस-पन्नास सामने हरतो ते वयामुळे. त्यापुढचे वीस पराभव बहुधा मांडणीचे असतात. आणि ते टाळले तर ड्राफ्टमधील संधी हातची जाते ही भीतीही नव्या लॉटरीत फारशी खरी नाही. पहिल्या क्रमांकाच्या शक्यतेसाठी तळाच्या तिघांत असणे पुरते, त्या बाबतीत शेवटचे असण्याचे वेगळे बक्षीस नाही.

स्वतः तपासून पाहायचे असेल तर दोन सामने शेजारी शेजारी लावून पाहा : 26 डिसेंबर 2023 चा ब्रुकलिनविरुद्धचा, आणि 21 एप्रिल 2025 चा न्यूयॉर्कविरुद्धचा प्लेऑफमधील दुसरा सामना, जो पिस्टन्सने 100–94 असा जिंकून 2008 पासूनची सलग 15 प्लेऑफ पराभवांची मालिका तोडली. चेंडूकडे पाहू नका. कनिंगहॅम स्क्रीन वापरायला वळला की चित्र थांबवा आणि दूरच्या कोपऱ्यातील पिस्टन्सच्या खेळाडूपासून त्याचा बचावपटू किती पावलांवर उभा आहे ते मोजा. दोन्ही सामन्यांत दहा-दहा वेळा मोजून दोन रकान्यांत लिहा.